सात नंबरचा बैल

चहाचा कप हातात असेल तर आधी खाली ठेवा. मागं हा किस्सा ऐकताना आमच्या साडूच्या नाकातून चहा आला आणि सतरंजी माझी खराब झाली. ठेवला? मग ऐका. फजिती माझी, हसायचं तुम्ही.

मला गुरांची भीती वाटते. तुम्ही म्हणाल, शिंगं बघून कोणालाही थोडी वाटतेच. थोडी नाही हो! आमच्या बोरगाव मेघ्याहून वर्ध्याला जाताना समोरून बैलबंडी आली, तर नालीत उतरून उभा राहणारा माणूस मी. लहानपणापासून माझा बैलाशी संबंध आला तो पोरांच्या तान्ह्या पोळ्यातल्या लाकडी बैलाशी. त्याला चाकं असतात आणि तो फुंकारत नाही. तरी शेजारच्या पोराचा लाकडी बैल माझ्या पायावरून गेला, तेव्हा मला ताप भरला होता. आईनं तेवढ्यासाठी गिरडची टेकडी चढून दर्ग्यावर नवस बोलला, पोराची भीती जाऊ दे म्हणून. नवस फेडायची वेळ आली नाही. भीती कुठं गेली?

मग असा माणूस गुरांच्या खात्यात कसा गेला? माझ्या वडिलांमुळे! बाबा कचेरीत कारकून. पेन्शन जवळ आलेली आणि मी घरात बसून. नागपूरहून एक साहेब येणार, त्यांना रक्ताच्या कामासाठी शिकलेला मुलगा पाहिजे, असं त्यांच्या कानावर आलं. काच, पांढरा कोट, टेबल, खुर्ची. बाबांच्या डोळ्यांपुढं एवढंच आलं. रक्त कोणाचं, हे विचारायचं राहून गेलं.

नोकरी कच्ची होती. साहेबांनी चांगला शेरा दिला तर पक्की, नाहीतर घरी. बाबांनी कचेरीत पेढे आधीच वाटून टाकले होते. म्हणजे माझी परतीची वाट त्यांनीच बंद केली. बैलाला भ्यायचं की बाबांना, एवढंच माझ्या हातात उरलं.

साहेब मूळचे पुण्याकडचे. बारीक अंगाचे, जाड चष्म्याचे. त्यांचा आवाज जितका हळू, तितका राग जास्त, असं ऑफिसात सगळे सांगत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवून काम समजावलं.

"माणसांत रक्ताचे गट असतात, तसे गुरांतही असतात. रक्तातल्या या खुणा वासराला आईबापांकडून मिळतात. त्या सापडल्या की अस्सल गवळाऊ कोण, मिसळ कोण, कोणतं वासरू कोणत्या वळूचं, सगळं सांगता येईल. पुढं चांगली पैदास करायची तर आधी आपल्याकडं आहे काय, ते कळायला हवं. रंगरूप फसवतं. रक्त फसवत नाही. समजलं?"

"समजलं साहेब," मी म्हणालो. गवळाऊ म्हणजे आपल्या वर्ध्याकडची ती पांढरीशुभ्र, उंच, चपळ जात. चपळ! हा एक शब्द ऐकून मी खुर्ची दाराकडं सरकवली.

"तर सेलूच्या पलीकडं एका गावात चांगले बैल आहेत. बाटल्या, सुया, बर्फाची पेटी घेऊन जा. प्रत्येक बैलाचं रक्त घ्या, बाटलीवर नंबर टाका, आणि तोच नंबर बैलावर टाका. पुन्हा जाऊन तोच बैल ओळखता आला पाहिजे. बैल आणि बाटली यांची फारकत झाली, तर सगळं काम मातीत. आणि तुम्हीही."

शेवटचे शब्द फार हळू आवाजात आले.

आता माझी हुशारी बघा. बैल दिवसभर शेतात. त्यांच्या मागं धुऱ्या-बांधांवरून कोण धावणार? मी विचार केला, सगळे बैल एकाच वेळी घरी, बांधलेले, पोटभर खाल्लेले आणि शांत कधी सापडतील? पोळ्याच्या आदल्या दिवशी! त्या दिवशी दुपारनंतर बैलाला जुंपत नाहीत. दुसरी हुशारी म्हणजे नंबर कुठं टाकायचा? अंगावर टाकला तर धुतला जाईल. शिंगावर! पांढऱ्या पक्क्या रंगानं, ठळक आकडा. पाऊस येवो, नदी येवो, आकडा जाणार नाही. स्वतःवर इतका खूश झालो की भीती अर्धी झाली. ती अर्धी भीती सेलूला मोटारीतून उतरलो तिथंच परत मिळाली.

गावात कवडूजी नावाचे शेतकरी भेटले. पिळदार मिशा, मोठ्ठा आवाज आणि मन लोण्याचं. त्यांनी सगळ्यांचे बैल आपल्या गोठ्यासमोर आणून बांधायची व्यवस्था केली. गुरांच्या दवाखान्यातून आलेला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी डॉक्टर. मी नाही म्हणून सांगितलं, पण त्यांनी ऐकलं नाही.

"काऊन जी डाक्टर, इतके घामाघूम होऊन राह्यले? तपन तं नाई आज."

"ते जरा... मोटारीत गर्दी होती."

"मंग घ्या, नवाबपासून सुरू करा!"

नवाब त्यांचा बैल. मी मान वर करून बघितलं आणि आणखी वर करून बघितलं. डोळ्यांत काजळ घातल्यासारखी काळी कड, मानेवर डोंगराएवढं वशिंड, आणि मान खाली घातली की शिंगं थेट माझ्या छातीच्या उंचीला, मापानं केल्यासारखी.

"नवाबला शेवटी घेऊ," मी म्हणालो. "पाहुण्यांचे बैल आधी."

कसेबसे बाकीचे बैल उरकायला लागलो. उरकायचे म्हणजे काय? कवडूजींनी दोर धरायचा, दुसऱ्या कोणी कान धरायचा, मी मानेची शीर चाचपायची आणि देवाचं नाव घेऊन सुई मारायची. सुई कसली, दाभणच! रक्ताची धार बोटभर बाटलीत धरायची, बूच लावायचं, बर्फात ठेवायची आणि शिंगावर आकडा काढायचा. मी शिंगांपलीकडं काही बघितलंच नाही. कोणता बैल कोणाचा, कपाळ कसं, शेपटी कशी, काही नाही. सगळे पांढरे, सगळ्यांना शिंगं. आकडा आहे की शिंगावर! मधेच एकदा लघवीचं निमित्त करून पळालो. परत आलो तर मी जागेवर नाही हे बघून कवडूजींनी नवाबलाच रांगेत आणून उभं केलं होतं.

"आता हाच राह्यला मोठा. घ्या आटपून."

"कवडूजी, हा मारतो का हो?"

"छ्या! लेकरू हाय ते. फक्त अनोळखी मानूस त्याले पसंत नाई."

"अहो, मी अनोळखीच आहे!"

"मंग आता वळख होऊन जाते नं!"

मी डावा हात नवाबच्या मानेवर ठेवला. उजव्या हातात सुई, बाटली चिमटीत. नवाबनं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि नाकातून असा फुंकारा सोडला की माझी टोपी हलली. मी डोळे मिटले. गच्च मिटले! आणि दिली सुई खुपसून.

एक भयंकर आरोळी झाली. नवाब ओरडला, मला वाटलं. हातावर गरम गरम रक्त आलं. मी डोळे न उघडताच बाटली धरली, भरली, बूच लावलं, चाचपत शिंगावर आकडा काढला, कोणता ते लक्षातही राहिलं नाही, आणि खाली बसलो. बसलो म्हणजे पडलोच. डोळ्यांपुढं काजवे. कवडूजींच्या मंडळींनी, अनसूयाबाईंनी, पाणी आणलं.

"अवो माय! डाक्टरच्या हाताले तं लागलं. किती रगत वाह्यलं पाहा!"

खरंच, अंगठ्याच्या बुडाशी खोल जखम होती. सुई काढताना लागली असेल, मी म्हणालो. त्या धावत आत गेल्या आणि एक वाटी घेऊन आल्या. वाटीत लोणी आणि हळद. बैलांचे खांदे मळायला केलेली. त्यातलीच बोटभर त्यांनी माझ्या जखमेवर थापली. मग उरलेली नवाबच्या खांद्यावर. मला पोरासारखं दटावून म्हणाल्या, "हालू नका." नवाबला नाही म्हणाल्या. तो हलतच नव्हता.

मग कवडूजी हात जोडून नवाबसमोर उभे राहिले आणि दरसालच्या रीतीनं त्याला आमंत्रण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." एवढा मोठा माणूस बैलाशी किती हळू बोलला! मला भरून आलं. थोडं अशक्तपणामुळेही असेल. पोळ्याला थांबा म्हणून त्यांनी आग्रह केला, पण बर्फ वितळत होता. उरलेले बैल कसेबसे संपवले आणि पेटी घेऊन मी पळालो.

नागपूरला बाटल्या पोचल्या. साहेब खूश. बाबा तर इतके खूश की माझ्या लग्नाचं बोलू लागले. दिवस मजेत गेले. आणि दसऱ्याच्या सुमाराला एक दिवस साहेब स्वतः जीप घेऊन वर्ध्याला हजर!

"सात नंबर," साहेब म्हणाले. आवाज चढा होता.  "सात नंबरचा बैल कोणाचा? असं रक्त मी आजवर बघितलेलं नाही! आमची सगळी औषधं त्याच्यापुढं उलटीच वागतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर पेशी इतरांपेक्षा थोराड. हा गवळाऊ नाही, कुठलीच माहीत असलेली जात नाही. कदाचित एखादी जुनी, वेगळीच शाखा! मला तो बैल बघायचाय, त्याची आई बघायची आहे, बहिणी असतील तर त्याही. ओळखाल ना?"

"डोळे मिटून ओळखेन साहेब! शिंगावर नंबर टाकलाय. पक्क्या रंगानं!"

जीप निघाली. मी ऐटीत पुढं बसलो. सेलूच्या अलीकडं एक बंडी आडवी आली. जीप थांबली. बंडीचे बैल आमच्या अगदी जवळून गेले. काय छान दिसत होते! शिंगं लालभडक, टोकांना सोनेरी बेगड चिकटलेला, पोळ्याचा, अजून तसाच...

पोळ्याचा!

 हे मला माहीत नव्हतं का हो? वर्ध्यात जन्मलो, वाढलो! पोळ्याला शिंगं रंगवतात हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोराला माहीत असतं. आणि मी शहाणा पोळ्याच्या आदल्या दिवशी, अख्ख्या गावच्या बैलांच्या, नेमक्या शिंगांवरच, सरकारी आकडे काढून आलो होतो. भीतीनं माणूस विसरतो म्हणतात. पण इतका? पुढचा सगळा रस्ता मी खड्डा आला की मनात म्हणायचो, उलटू दे जीप. थोडीशी उलटू दे.

जीप उलटली नाही. गावात गेलो. साहेब उतरले. कवडूजींच्या छपरीसमोर बैल आले. प्रत्येकाचं शिंग लाल, हिरवं, काहींचं दुरंगी. आकडा औषधालाही नाही.

"सात नंबर?" साहेबांनी मला विचारलं.

 मी बोललो ते इतकंच, "साहेब... पोळा झाला."

साहेबांचा आवाज एकदम हळू झाला. "असं," ते म्हणाले.

त्या एका शब्दात मला बाबांचा चेहरा दिसला, पेढ्यांचा रिकामा डबा दिसला, पुन्हा घरात बसलेला मी दिसलो. पण साहेब पुढं काही बोलायच्या आत कवडूजींनी तोंड उघडलं, "काय झालं जी? सात नंबर काऊन पाह्यजे?"

साहेबांनी सांगितलं, फार वेगळं रक्त आहे, थोराड पेशी आहेत. झालं! कवडूजींनी मिशीला पीळ दिला.

"मंग तो नवाबच! दुसरा कोन राह्यते? गावात थोराड तोच एक हाय!"

"वा रे वा!" पलीकडून कोणी ओरडलं. "माया बांड्या बैल काय बकरी हाय? सात नंबर त्याच्याच शिंगावर होता. मी सोता त्याच्यावर हिरवा रंग मारला!"

मग काय विचारता! सगळ्यांचेच बैल सात नंबर. जो तो आपापल्या बैलाची आई, आजी, मावशी आणायला पळू लागला. साहेबांनी हात वर केला.

"भांडू नका. शिंग रंगवता येतं, रक्त रंगवता येत नाही. सगळ्यांचं पुन्हा घेऊ. मी सूक्ष्मदर्शक आणलाय आणि सात नंबरची काचपट्टीही. पेशींचा आकार इथंच कळेल." मग माझ्याकडं वळून, अगदीच हळू, "घ्या सुई. आणि या वेळी डोळे उघडे ठेवून."

त्यांना कसं कळलं होतं देव जाणे.

पुन्हा तेच सगळं, आणि आता अख्खं गाव बघायला! मी एकेका बैलाजवळ जायचो, रक्ताचा थेंब आणायचो, साहेब छपरीच्या कडेला उन्हात आरसा फिरवून नळीत बघायचे आणि मान हलवायचे. "हा नाही." पुढचा. "हाही नाही." एकेक मालक आपला बैल सोडवून नेऊ लागला.  शेवटी नवाब. त्यानं मला ओळखलं बरं का! फुंकारला नाही. उलट कीव आल्यासारखा बघत राहिला. मी उघड्या डोळ्यांनी सुई मारली. तो हललाही नाही, ओरडलाही नाही.

ओरडला नाही? माझ्या मनात कुठंतरी काहीतरी खटकलं. पण तेव्हा घाबरण्यातून सवड कोणाला होती!

"हाही नाही," साहेब म्हणाले. कवडूजींची मिशी खाली आली.

साहेब चष्मा पुसू लागले.  "म्हणजे बाटलीत दुसरंच काहीतरी आलं. काय भरलंत तुम्ही? घोडं? बकरी?"

"आईशप्पथ साहेब, या बैलांशिवाय मी कोणाला हात लावला नाही!" मी रडायच्या बेतात होतो. खोटं का बोलू, एक थेंब आला होता डोळ्यात. नोकरी गेलीच होती. आता खोटेपणाचा डागही बसणार होता. बाबांना काय सांगू?

"बरं. एक माप घेऊन बघू. कोणत्या जनावराची पेशी किती मोठी, ते मला तोंडपाठ आहे, पण शेजारी ठेवायला काहीतरी ओळखीचं हवं. माणसाचं असलं तरी चालेल. द्या बोट."

मी जवळ होतो म्हणून माझं बोट. टोचलं. थेंब काचेवर घेतला. साहेब वाकले. पहिली काच बघितली, सात नंबरची. मग माझी. मग पुन्हा सात नंबरची. मग पुन्हा माझी. 

साहेबांनी मान वर केली आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं आजवर कोणी बघितलं नव्हतं. पुढं झालेल्या सासऱ्यानंसुद्धा नाही.

"मागच्या वेळी तुमच्या हाताला काही लागलं होतं का?"

मी उत्तर द्यायच्या आत अनसूयाबाई दारातून बोलल्या, "लागलं होतं म्हंजे? धार लागली होती! मीच तं हळद लावली. अन् वरडले कित्ती! बैल बिचारा मुका उभा, अन् हे हंबरून राह्यले."

म्हणजे ती आरोळी... हो. माझीच.

पहिल्यांदा कवडूजी हसले. मग छपरी हसली. मग बाहेरचं गाव हसलं. मग, देवाशप्पथ, साहेब हसले. चष्मा काढून, डोळे पुसत, पोट धरून. मी मात्र हात जोडून उभा. 

"साहेब, माझी नोकरी?"

साहेबांनी श्वास घेतला. "अहो, नागपुरात मला सगळे विचारत होते, रक्तावरून तुम्ही जनावर ओळखणार ते कशावरून? आता सांगतो ना! बैलांच्या रांगेत माणूस उभा राहिला होता, तरी आमच्या पद्धतीनं तो पकडला." आणि त्यांनी तिथंच माझ्या पाठीवर थाप मारली. "राहा कामावर. पण सुई दुसऱ्याच्या हातात. तुम्ही दोर धरा."

दोर धरा! म्हणजे शिंगांच्या आणखी जवळ. पण नोकरी पक्की झाली. बाबांना मी एवढंच सांगितलं की साहेबांना माझं रक्त फार आवडलं. त्यांना वाटलं, खानदानाबद्दल बोलले असतील. खूश झाले.

आम्ही गाव सोडताना कवडूजी जीपजवळ आले. चेहरा गंभीर. "डाक्टर, सायबानं सात नंबरची माय पाहाची म्हटलं होतं. तुमची माय बोरगावलेच राह्यते नं? सायबाले घेऊन जा, चहा तरी पाजतीन."

इथं किस्सा संपला असता तर मी तुम्हाला आनंदानं चहा प्या म्हटलं असतं. पण पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी सकाळी, आमच्या दारात घुंगरांचा आवाज आला. बाबा ओसरीवर होते. मी बाहेर आलो, तर बंडी उभी. बंडीला नवाब. अनसूयाबाईंच्या हातात ती वाटी, लोणी-हळदीची. कवडूजी खाली उतरले. माझा सदरा खांद्यावरून जरा बाजूला सारला, हळदीचं बोट लावलं, हात जोडले आणि अख्ख्या गल्लीसमोर, तितक्याच हळू आवाजात म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

बाबा माझ्याकडं बघू लागले, गल्ली माझ्याकडं बघू लागली, नवाब तर आधीपासूनच बघत होता. मी गपचूप मान हलवली.